युरोला शंभरानं गुणू नका: किराणा, घरभाडं आणि उचल

दिवाळीच्या सुट्टीला गावाकडं आलोय, त्यामुळं २०२५ मधला हा एपिसोड केज तालुक्यातनं रेकॉर्ड होतोय. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या. उसाचा हंगाम तोंडावर आहे, गाड्यांची ये-जा चालूच आहे.

आजचा विषय पैशांचा. गावात पाय ठेवला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "पगार किती?" आणि दुसरा, "तिकडं महागाई किती?" पहिल्याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. दुसऱ्याचं देता येत नाही, आणि खरं तर तोच जास्त महत्त्वाचा आहे.

या वेळी तो प्रश्न जरा वेगळ्या ठिकाणावरून आला. आमच्या गल्लीतला एक पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला मास्टर्सला जर्मनीला जायचंय. घरी पाच एकर जमीन. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचं गेलं. आता दोन एकर विकून पोराला पाठवायचं, असं घरात चाललंय. त्याच्या वडिलांनी मला बसवून घेतलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "बाबा, तू तिथं राहायलास. खरं सांग, हे फिटंल का?"

त्यांना जे सांगितलं, तेच आज सविस्तर सांगतो. असा हिशोब एकाच घरात चालू नसणार, हे मला माहीत आहे.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे आकडे कुठून आले ते कळेल. मी कॉम्प्युटर बीटेक. पुण्यात साडेतीन वर्षं नोकरी केली आणि गेली दोन वर्षं जर्मनीत श्टुटगार्टजवळ आहे. मी नोकरी घेऊन गेलो, शिकायला नाही. हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

श्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज आणि पोर्शचं गाव. १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी शहर आहे. ज्या राज्यात ते येतं, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडं इंजिनिअरच नाही, नर्सिंग झालेली, आयटीआय झालेली, ड्रायव्हिंग येणारी पोरंही जर्मनीचं विचारायला लागली. म्हणून हा एपिसोड फक्त आयटीवाल्यांसाठी नाही.

आधी गुणाकार बंद करा

एक युरो म्हणजे सध्या शंभर रुपयांच्या थोडा वर. आपण शंभर धरू, हिशोब सोपा जातो. आणि सोपा जातो हीच अडचण आहे. नवा माणूस तिथं दुकानात गेला की प्रत्येक वस्तूला शंभरानं गुणतो. कोथिंबिरीची जुडी सव्वा युरो, म्हणजे सव्वाशे रुपये! आमच्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सोन्याचा मुलामा दिलाय का काय तिला?" केजच्या बाजारात बरा माल असला की दहा-वीस रुपयाला जुडी मिळते, त्यामुळं तिचंही बरोबरच.

पण बघा, ती कोथिंबीर मी रुपयांनी घेत नाही. पगार युरोत येतो, खर्च युरोत होतो. मग मोजमाप काय लावायचं? माझं मोजमाप असं: ही वस्तू घ्यायला किती वेळ काम करावं लागतं?

दुधावर करून बघू. जर्मनीत स्वस्तातल्या सुपरमार्केटात लिटरभर दूध एक युरोच्या आसपास मिळतं. तिथं कायद्यानं ठरलेलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं आणि १ जानेवारी २०२६ पासून ते १३.९० झालं. कर, विमा, पेन्शन कापून साधारण नऊ युरो हातात येतात असं धरा. म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला एका तासाच्या कामात नऊ लिटर दूध.

आता इकडं या. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. दूध साठ रुपये लिटर धरलं तर पूर्ण दिवस राबून पाच लिटर. शेतात चारशे-साडेचारशे रोज मिळाला तरी सात. तिकडं तासाला नऊ, इकडं दिवसाला पाच ते सात.

आता सांगा, दूध कुठं महाग आहे? रुपयात बघितलं तर जर्मनीत. घामात बघितलं तर केजमध्ये.

पण हे सगळ्याच गोष्टींना लागू होत नाही, आणि खरी गंमत इथंच आहे. केस कापायला मला तिथं पंचवीस युरो लागतात. हातात येणारा पगार कामाच्या तासांनी भागला तर माझे तासाला सतरा युरो पडतात. म्हणजे एक कटिंग म्हणजे माझं दीड तासाचं काम. पुण्यात माझा तास अडीचशे रुपयांचा होता आणि कटिंग दीडशेची. म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांत काम झालं.

असं का? दूध, पीठ, साखर, तेल या सगळ्यात तिकडं मशीन जास्त आणि माणूस कमी. केस कापायला मात्र माणूसच लागतो आणि त्या माणसालाही किमान वेतन द्यावं लागतं. माणसाचा हात लागला की वस्तू महाग, हा तिथला साधा नियम आहे. पुण्यात मी स्वस्तात राहत होतो, कारण डबा आणणारा, धुणी-भांडी करणाऱ्या मावशी, रात्री अकराला बिर्याणी घेऊन येणारा पोरगा, या सगळ्यांना कमी पैसे मिळत होते. त्यातली निम्मी माणसं तर आपल्या मराठवाड्यातलीच. माझी स्वस्ताई म्हणजे त्यांची मजुरी होती. हे मला पुण्यात असताना कधी दिसलं नाही, पंचवीस युरोची कटिंग केल्यावर दिसलं.

किराणा: स्वतः रांधलं तर स्वस्त

आता महिन्याचा किराणा. बटाटे, कांदे किलोला युरो-सव्वा युरो. मैदा किलोला एक युरोच्या आत. दहा अंडी दोन-अडीच युरो. दही, लोणी, चीज आपल्या मानानं भरपूर आणि स्वस्त. चिकन किलोला आठ-नऊ युरो. तुरीची डाळ भारतीय दुकानात साडेतीन-चार युरो किलो. गव्हाच्या आट्याची दहा किलोची पिशवी पंधरा-अठरा युरोला.

मसुराची काळजी करू नका. श्टुटगार्टच्या भागातल्या लोकांचं घरगुती जेवणच मसूर आणि श्पेट्झले आहे. श्पेट्झले म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया. पहिल्यांदा कँटीनमध्ये ते ताट बघितलं तर मला वाटलं, हे तर वरण आणि शेवया. फोडणी तेवढी नव्हती. त्यामुळं मसूर कुठल्याही साध्या दुकानात स्वस्तात मिळतो.

महाग काय? भेंडी किलोला सहा युरो, कधी त्याच्याही वर. कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे ज्वारीचं पीठ. आपल्याकडं भाकरी म्हणजे रोजचं जेवण, कुणी त्याला किंमत देत नाही. तिथं ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातल्या एका कोपऱ्यात, गव्हाच्या दुप्पट भावानं. मैद्याचा पाव खाऊन राहायला स्वस्त, भाकरी खाऊन राहायला महाग. म्हणून मी भाकरी रविवारी करतो. रविवारी तिथं सगळी दुकानं बंद असतात, त्यामुळं शनिवारी संध्याकाळपर्यंत बाजार करून ठेवावा लागतो. एकदा विसरलं की रविवारी पेट्रोल पंपावरचं महाग सामान नाहीतर उपास.

बाहेरचं खाणं म्हणजे वर सांगितलेला नियम. माणसाचा हात लागला. रस्त्यावरचा डोनर कबाब सात-आठ युरो, भारतीय हॉटेलात साधी थाळी चौदा-पंधरा. पुण्यात आठवड्यातून चारदा बाहेर खाणारा पोरगा तिथं महिन्यातून चारदा खातो. स्वयंपाक येत नसेल तर तुमचा सगळा हिशोब कोसळतो. म्हणून त्या पोराला मी पहिला सल्ला दिला तो हा: जर्मन भाषेच्या क्लासबरोबर आईकडं वरण-भात, पोळी आणि दोन भाज्या शिकून घे. तो हसला. त्याची आई मात्र हसली नाही, तिला पटलं.

एक गोष्ट हिशोबात कुणी धरत नाही: पाणी. तिथं नळाचं पाणी थेट पितात. मी दोन वर्षांत प्यायला पाणी जवळजवळ विकत घेतलेलं नाही. चुकून बाटली घेतलीच तर पंचवीस सेंट अनामत लागते, बाटली दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की मिळते. इकडं आमच्या घरी प्यायला जार, उन्हाळ्यात वापरायला टँकर. घर स्वतःचं, भाडं शून्य, पण पाण्याचं भाडं चालूच. महागाई कुठं लपलेली असते ते असं बघावं लागतं.

माझा महिन्याचा खाण्याचा खर्च: किराणा दोनशे तीस युरो, कँटीन आणि बाहेरचं शंभर. एकूण तीनशे तीस.

भाडं: इथं खरी कसोटी

आता घर. लोक मला "तिकडं कांदा कितीला?" असं विचारतात. कांद्यानं कुणाचं काही बिघडत नाही. भाड्यानं बिघडतं.

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्यानं राहतात. त्यामुळं भाडेकरू म्हणजे कुणीतरी उपरा, असं तिथं नाही. कायदाही भाडेकरूच्या बाजूनं बराच आहे. पुण्यासारखा अकरा महिन्यांचा करार नसतो. साधारण करार बेमुदत असतो. आपण सोडायचं तर तीन महिने आधी नोटीस द्यायची. मालकाला मनात आलं म्हणून बाहेर काढता येत नाही. चालू भाडं तीन वर्षांत वीस टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही आणि घरांची टंचाई असलेल्या शहरांत ही मर्यादा पंधरा टक्के आहे.

हे ऐकायला छान वाटतं. पण एकदा आत गेल्यावरच ते छान असतं. आत जाणं अवघड. एका घराला वीस-तीस जण बघायला येतात. मालक तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागतो. शूफा नावाचा दाखला मागतो, म्हणजे आपल्या सिबिलसारखं. नवीन माणसाकडं दोन्ही नसतं. मला घर मिळायला साडेतीन महिने लागले. तोवर महागड्या तात्पुरत्या खोलीत राहिलो.

याच काळात नवीन पोरं फसतात. जाहिरात येते, फोटो झकास, भाडं कमी. मालक म्हणतो, "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअर करतो." असा मेसेज आला की थेट ब्लॉक करा. घर डोळ्यानं बघितल्याशिवाय एक सेंट द्यायचा नाही.

आता शब्द समजून घ्या. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. वार्ममीटे म्हणजे गरम भाडं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची वीज वगैरे धरलेलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बऱ्याचदा थंड भाडं असतं. माझं घर श्टुटगार्टच्या बाहेर, लोकल गाडीनं वीस मिनिटांवर. ३४ चौरस मीटर, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे चौरस फुटांची एकच खोली. थंड भाडं ६४०. वरचा खर्च १५० धरून गरम भाडं ७९०. वीज वेगळी, युनिटला चाळीस सेंटच्या आसपास. इंटरनेट वेगळं. आणि सरकारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घराला महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. सगळं मिळून ८७०.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी, आणि कायद्यानं ती तीन हप्त्यांत देता येते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि ऐका, रिकामं घर म्हणजे तिथं खरंच रिकामं. बऱ्याच घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो! आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक उचकटून घेऊन जातो, कारण ते त्याचं असतं. छताला दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. मी जुना ओटा आणि शेगडी सातशे युरोला विकत घेतली, तीही ओळखीच्या दोघांना हाताशी धरून स्वतः बसवली. कारण बसवायला माणूस बोलावला की... बरोबर, माणसाचा हात लागला.

शेवटचं, या भागातली खास पद्धत. तिला म्हणतात केरवोखे. यातला 'केर' आपलाच शब्द वाटतो ना? अर्थही तोच. केर काढायचा आठवडा. इमारतीतल्या प्रत्येक घरानं पाळीपाळीनं जिना आणि समोरचा रस्ता झाडायचा. मी इंजिनिअर आहे म्हणून सुटका नाही. हिवाळ्यात बर्फ पडला तर तोही बाजूला करायचा. गावाकडं हे सांगितलं तर चुलते म्हणाले, "झाडू मारायला एवढ्या लांब गेलास व्हय?" म्हटलं, चुलते, तिथला डॉक्टरपण झाडतो.

तीन ताळे

आता सगळं शेजारी शेजारी ठेवू.

पुण्यात हातात पंचेचाळीस हजार यायचे. वाकडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तिघं राहायचो. भाडं, लाइट, मावशी, गॅस धरून माझा वाटा अकरा हजार. खाणं आठ हजार. म्हणजे पगाराचे २४ टक्के राहण्याला, १८ टक्के खाण्याला. एकूण ४२.

श्टुटगार्टला वर्षाचा पगार पंचावन्न हजार युरो. कापून हातात महिन्याला २९०० च्या आसपास. राहणं ८७०, म्हणजे ३० टक्के. खाणं ३३०, म्हणजे ११ टक्के. एकूण ४१.

बघितलंत? टक्केवारी जवळजवळ तीच. खाण्यात वाचलं ते भाड्यात गेलं. फरक एवढाच की पुण्यात मी एक तृतीयांश फ्लॅटमध्ये राहायचो, तिथं एकटा राहतो. तिथंही फ्लॅट वाटून राहिलो तर एका खोलीला पाचशे-साडेपाचशे.

मग लोक जातात कशाला? उरतं त्यासाठी. पुण्यात बाकीचे खर्च काढून अठरा हजार उरायचे. तिथं रेल्वे-बसचा मासिक पास (२०२५ मध्ये तो ५८ युरोचा होता), फोन, कपडे आणि वर्षाच्या विमानाचे पैसे बाजूला ठेवून तेराशे-साडेतेराशे उरतात. आणि आता, फक्त आता, शंभरानं गुणायची परवानगी आहे. कारण हा पैसा गावाकडं येतो आणि रुपयात खर्च होतो. तेराशे म्हणजे एक लाख तीस हजार.

तर नियम हा: जे युरोत खर्च होतं ते तासात मोजा. जे घरी पाठवायचं किंवा कर्ज फेडायला द्यायचं, तेवढंच रुपयात मोजा.

आता त्या पोराचा हिशोब

वर सांगितलं ते सगळं नोकरीवाल्याचं. विद्यार्थ्याचा हिशोब वेगळा आहे, आणि तो कुणी नीट सांगत नाही.

व्हिसासाठी विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. म्हणजे बारा लाख रुपये. हे पैसे जात नाहीत, दर महिन्याला ९९२ युरो करून परत मिळतात. पण त्यातच जगायचं असतं. खोली साडेपाचशे. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा एकशे चाळीस-पन्नास. उरले तीनशे. त्यात खाणं, फोन, पास, पुस्तकं, थंडीचे बूट. भागतं, पण एकही चैन नाही.

दुसरं, "जर्मनीत शिक्षण फुकट" हे अर्धंच खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला पंधराशे युरो फी आहे. वर्षाला तीन लाख रुपये. म्हणून विद्यापीठ निवडताना शहराचं भाडं आणि राज्याची फी, दोन्ही बघा. पूर्वेकडं लायपझिग, केम्नित्झ अशा शहरांत खोली बरीच स्वस्त मिळते.

तिसरं, अर्धवेळ काम. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मिनीजॉब नावाच्या छोट्या कामात २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोपर्यंत कमावता येत होतं. दुसरं वर्ष यावर आणि थोड्या घरच्या पैशांवर निघू शकतं. पहिल्या दिवसापासून काम मिळेल असं धरून मात्र निघू नका.

तर ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, तिकीट, पहिली अनामत आणि हाताशी थोडे, असे पंधरा लाख लागतात. अकरा टक्के व्याजानं दहा वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता येतो २०,६०० रुपयांच्या आसपास.

आता हा हप्ता दोन ठिकाणी ठेवून बघा. माझ्या तिथल्या पगारात तो दोनशे सहा युरोचा, म्हणजे सात टक्के. जाणवणारही नाही. पुण्यातल्या माझ्या जुन्या पगारात तोच हप्ता ४६ टक्के. श्वास बंद.

सगळा खेळ इथं आहे. हे कर्ज युरोत फिटतं. रुपयात फिटत नाही. पदवी घेऊन पोरगा परत आला आणि इथल्या सुरुवातीच्या पगारावर लागला, तर जमीनही गेली आणि हप्ताही राहिला. मास्टर्स झाल्यावर नोकरी शोधायला जर्मनी अठरा महिने देते. त्या अठरा महिन्यांत नोकरी लागते का, यावर दोन एकर टांगलेले आहेत.

आपल्या बीड जिल्ह्याला हे नवीन नाही. आपल्याकडं याला नाव आहे: उचल. माझे मामा-मामी बरीच वर्षं ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं. भाडं शून्य! राहायला पाचटाची कोपी, मोकळ्या रानात. पहाटे तीनला उठून चुलीवर भाकरी. २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास झाला. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडला तर पाचशे ते सातशे रुपये. आजारपण आलं, पाऊस आला, की टन कमी पडतो आणि उचल फिटत नाही. मग उरलेली बाकी पुढच्या हंगामावर. पुढच्या वर्षीही जावंच लागतं.

उचल वाईट का असते? आधी घेतलेला पैसा तुमचं पुढचं वर्ष ठरवून टाकतो म्हणून. शिक्षणाचं कर्जही तसंच होऊ शकतं. मी तिथं अशी पोरं बघितली आहेत, ज्यांना नोकरी आवडत नाही, हवामान सोसत नाही, घरी वडील आजारी आहेत, पण परत येता येत नाही. कारण हप्ता. सुटाबुटातली उचल आहे ती.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. मामांच्या उचलीत पुढं जाणारी पायरी नव्हती. दहा हंगामांनंतरही टनाचा भाव तोच, कोपी तीच. या कर्जात नोकरी लागली तर तीन-चार वर्षांत माणूस मोकळा होतो. म्हणून मी "जाऊ नको" म्हणालो नाही. फक्त उचल किती घ्यायची आणि कशावर घ्यायची, ते आधी बघा म्हणालो.

त्याच्या वडिलांना तीन गोष्टी सांगितल्या.

एक, जमीन विकू नका. बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या, लागलंच तर तारण ठेवा. विकलेली जमीन परत येत नाही. शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. सरकारी कार्यालयात दोन चकरा मारणं एक एकरापेक्षा स्वस्त पडतं.

दोन, आधी भाषा. इथं असतानाच जर्मनची बी-वन पातळी गाठायची. क्लासचा खर्च हजारांत आहे, कर्ज लाखांत. जो इथं बसून वर्षभर जर्मन शिकू शकत नाही, तो तिथं नोकरी शोधताना अडकणार. ही सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे.

तीन, एक वर्ष इथं नोकरी. अनुभव असलेल्याला तिथं काम लवकर मिळतं. आणि कुणी सांगावं, माझ्यासारखं थेट नोकरीवरच जाता आलं तर पंधरा लाखांची गरजच नाही.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे औंदा नाही?" म्हटलं, "यंदा क्लास लावा. पुढच्या दिवाळीला मी आलो की परत बसू." पोरगा थोडा नाराज झाला, साहजिक आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "दादा, बी-वनला किती महिने लागतात?" म्हटलं, रोज दोन तास दिलेस तर आठ-दहा.

तर मंडळी, कुणी तुम्हाला सांगितलं की तिकडं चहा तीनशे रुपयांना आहे, तर घाबरू नका. आणि कुणी सांगितलं की तिकडं महिन्याला लाख रुपये उरतात, तर लगेच बॅगही भरू नका. त्याला दोनच गोष्टी विचारा. भाडं पगाराच्या किती टक्के? आणि कर्ज कुठल्या पैशात फेडतोस? यांची उत्तरं मिळाली की कांद्याचा भाव विचारायची गरज पडत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये तिकडची पगाराची पावती ओळीओळीनं वाचू, काय कापतात आणि त्याचं काय मिळतं ते बघू. घरात कुणी असा हिशोब मांडून बसलं असेल, तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. विशेषतः सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांना. भेटू. रामराम!